रँग्लर परांजपे व लोकांचे ठोकताळे

आमच्या कारंजा (घाडगे) तालुक्यात संत्र्यांच्या बागा पुष्कळ आहेत. बहार उतरून फळ बाजारात आले म्हणजे गिऱ्हाईक प्रथम साल पाहते. साल केशरी व तुकतुकीत असली की फळ गोड, आणि हिरवट असली की आंबट, असा त्याचा ठोकताळा असतो. जाणता बागाईतदार मात्र मनातल्या मनात हसतो. कारण हिरवट सालीच्या आत साखरेसारखी फोड निघालेली त्याने अनेकदा पाहिलेली असते. माणसांच्या बाबतीत, व विशेषेकरून विद्यार्थ्यांच्या बाबतीत, आपण सर्वजण त्या गिऱ्हाइकासारखेच वागत असतो, असे आम्हांस वाटते.

जेथील अभ्यास फार कठीण म्हणून नावाजलेला आहे अशा विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांविषयी लोकांचे समज अगदी ठरून गेलेले असतात. असा मुलगा म्हणजे पुस्तकातला किडा. त्यास खेळ ठाऊक नाही, हसणे ठाऊक नाही, बाजारातून भाजी आणणेही ठाऊक नाही. त्याची विद्या म्हणजे नुसती घोकंपट्टी. शिकून मोठा झाला की तो मोठ्या पगाराच्या मागे लागणार व आईबापांस आणि गावास विसरणार. आणि या सर्वांवर कळस असा, की अशी मुले जन्मतःच निराळी असतात. आपल्यासारख्यांच्या घरी ती निपजत नाहीत. या समजांपैकी शेवटचा समज सर्वांत घातक होय. कारण तो ऐकून कित्येक मुले परीक्षेस बसण्यापूर्वीच मनाने नापास झालेली असतात.

हे समज कितपत खरे आहेत, हे वादाने ठरविण्यापेक्षा एखाद्या खऱ्या चरित्रावर घासून पाहावे, म्हणून आम्ही रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे चरित्र निवडले आहे. महाराष्ट्रात त्यांस रँग्लर परांजपे याच नावाने ओळखतात.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळच्या मुर्डी या गावी झाला. समुद्राकाठचे लहानसे खेडे. नारळीपोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे आणि पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटा. तेथून पुण्यामुंबईस जाणे हेच मोठे प्रस्थान, मग विलायतेची गोष्ट कोठली! परंतु या मुलास एक मोठा आधार लाभला. त्यांचे जवळचे नातलग धोंडो केशव कर्वे, जे पुढे महर्षी कर्वे म्हणून प्रसिद्धीस आले, ते मुंबईत शिकून तेथेच शिक्षकाचे काम करीत होते. त्यांनी रघुनाथास मुंबईस आपल्याजवळ शिक्षणासाठी ठेवून घेतले.

कर्वे यांचीच एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. कारण बाहेरच्या रूपावरून ठोकताळा बांधला की काय होते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. शाळेतील सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते मुरूडहून आपल्या सोबत्यांसह, सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले. परीक्षकांनी त्यांच्या लहानखुऱ्या चणीकडे पाहिले, हा मुलगा ठरलेल्या वयाचा दिसत नाही असे ठरविले, आणि त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. चार दिवसांची पायपीट एका दृष्टिक्षेपात फुकट गेली. ज्यास असे परत यावे लागले त्यानेच पुढे दुसऱ्याच्या मुलास घरी ठेवून शिकविले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. जन्मतःच निराळी म्हणून ज्या मुलांची ख्याती होते, त्यांच्या मागे बहुधा असा एखादा माणूस उभा असतो. लोकांस मूल दिसते, माणूस दिसत नाही.

रघुनाथाचे शिक्षण मुंबईच्या मराठा हायस्कुलात व नंतर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. हे कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये काढले होते. गोपाळ गणेश आगरकर व गोपाळ कृष्ण गोखले यांसारखे अध्यापक तेथे थोड्या वेतनावर शिकवीत, आणि १८९१ पासून कर्वेही गणित शिकविण्यासाठी तेथे आले. मॅट्रिकपासून पदवीपर्यंत रघुनाथ वरच्या स्थानी राहिला. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये, वयाच्या २० व्या वर्षी, तो इंग्लंडात केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला.

आता केंब्रिजच्या त्या परीक्षेविषयी थोडे सांगितले पाहिजे. नाहीतर रँग्लर या शब्दाचे वजन वाचकांच्या ध्यानी येणार नाही. तेथील गणिताच्या पदवीपरीक्षेस ट्रायपॉस म्हणतात. उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे तीन वर्ग करीत. पहिल्या वर्गातील विद्यार्थी ते रँग्लर. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतील ते सीनिअर व ज्युनिअर ऑप्टिमे. रँग्लर या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ हुज्जत घालणारा असा आहे. कारण फार पूर्वी ही परीक्षा लेखी नसून तोंडी वादविवादाची असे. गुणांच्या क्रमाने सर्व नावे सेनेट हाउसमध्ये वाचून दाखवीत. जो पहिला येई तो सीनिअर रँग्लर. त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळके व त्याची छायाचित्रे विकली जात. ऑप्टिम्यांत जो अगदी शेवटी येई, त्याची थट्टा म्हणून त्याचे सोबती वरच्या सज्जातून एक मोठा लाकडी चमचा दोरीने खाली सोडीत. पहिल्यास कीर्ती आणि शेवटच्यास चमचा, अशी ती रीत होती.

त्या काळी इंग्लंडात व येथील इंग्रज अधिकाऱ्यांत हिंदी विद्यार्थ्यांविषयी एक समज रूढ होता. तो असा, की ही मुले पाठांतरात तरबेज, परंतु स्वतंत्र विचारात लंगडी. हा समज केवळ गप्पांपुरता नव्हता. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०२ साली विद्यापीठांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले गेले, तेव्हा येथील घोकंपट्टीचा विषय प्रामुख्याने चर्चेत होता. आमच्या शिक्षणात घोकंपट्टी नव्हती असे आम्ही म्हणत नाही. ती होती व आजही आहे. परंतु एखाद्या पद्धतीचा दोष हा त्या देशातील सर्व मुलांच्या बुद्धीचा दोष ठरविणे हा न्याय नव्हे. परांजप्यांच्या आधी आनंदमोहन बोस हे १८७४ मध्ये हिंदी लोकांतील पहिले रँग्लर झाले होते. तरीही तो समज जसाच्या तसा राहिला. एका उदाहरणाने ठोकताळा मोडत नाही; लोक त्या उदाहरणास अपवाद म्हणतात व ठोकताळा जपून ठेवतात.

१८९९ च्या जून महिन्यात निकाल लागला आणि सीनिअर रँग्लर म्हणून रघुनाथ परांजपे यांचे नाव जाहीर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. साऱ्या हिंदुस्थानात आनंद झाला, आणि तो योग्यच होता. मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. त्या वर्षी पहिल्या जागी दोन नावे होती. पेंब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल यांस व परांजप्यांस समान स्थान मिळाले होते. बर्टविसल यांनी पुढे पुंजसिद्धांतावर पुस्तके लिहिली. आपल्याकडे ही हकीकत सांगताना ते दुसरे नाव बहुधा गळते. परांजप्यांच्या यशास त्या नावाने काडीचाही उणेपणा येत नाही, म्हणून ते लपविण्याचे कारण नाही.

आता पुस्तकातल्या किड्याचा समज पाहू. ट्रायपॉसची तयारी म्हणजे रात्रंदिवस खोलीत कोंडून घेणे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्या परीक्षेच्या दीर्घ तयारीस शरीर टिकले पाहिजे, हे तेथील शिक्षक जाणत. म्हणून रोज दुपारी लांब फिरावयास जाणे किंवा नाव वल्हविणे हा अभ्यासाचाच भाग मानला जाई. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगप्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनी १८४३ मध्ये केंब्रिज येथे नाव वल्हविण्याच्या शर्यतीत बक्षीस मिळविले आणि १८४५ मध्ये ते दुसरे रँग्लर झाले. परांजपे ज्या साली विलायतेस पोहोचले त्याच १८९६ साली, केंब्रिजमध्येच शिकलेले रणजितसिंहजी यांनी मँचेस्टर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यात नाबाद १५४ धावा काढल्या होत्या. स्वतः परांजप्यांस क्रिकेटची किती गोडी होती हे त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावावरून कळते. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथास त्यांनी ८४ नाबाद अशा अर्थाचे नाव दिले. ज्याने आयुष्याची वर्षे धावांप्रमाणे मोजली, त्यास पुस्तकातला किडा कोण म्हणेल?

आणि घोकंपट्टीचे काय? यात एक मोठी मौज आहे. जो आरोप इंग्रज लोक आमच्या मुलांवर करीत, तोच आरोप काही इंग्रज गणिती आपल्या ट्रायपॉसवर करीत होते. विद्यार्थी खाजगी शिक्षकांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतात, ठराविक तऱ्हेची उदाहरणे झपाट्याने सोडविण्याची हातोटी साधतात, आणि गणिताचे खरे सौंदर्य बाजूस राहते, अशी त्यांची तक्रार होती. जी. एच. हार्डी हे त्यांपैकी एक प्रमुख. ते स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर होते. पुढे याच हार्डींनी श्रीनिवास रामानुजन यांची योग्यता ओळखली, आणि रामानुजन यांनी तर ट्रायपॉस दिलेलीच नव्हती. अखेरीस क्रमवार यादी १९०९ मध्ये शेवटची जाहीर झाली व ती प्रथा बंद पडली. शेवटचा लाकडी चमचा त्या वर्षी परांजप्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजातील होल्टहाउस नावाच्या एका वल्हेकऱ्यास मिळाला. पहिल्या येणाऱ्या परांजप्यांचा अभिमान बाळगणाऱ्या कॉलेजाने तो शेवटचा चमचाही प्रेमाने जपून ठेविला आहे, हे आमच्या शाळांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. शेवटचा मुलगाही त्याच घरचा असतो.

तिसरा समज पैशाचा. सीनिअर रँग्लरास सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या वेतनाची जागा मिळणे मुळीच कठीण नव्हते. शिवाय १९०१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजाने त्यांस आपले फेलो निवडले, तेव्हा विलायतेत राहण्याची वाटही मोकळी होती. असे असूनही परांजपे पुण्यास परतले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावयाची असा तेथील नियम होता. १९०२ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, आणि पुढली सुमारे दोन दशके हे काम त्यांच्याकडे राहिले. ज्या कॉलेजाने त्यांस घडविले त्याचे ऋण त्यांनी असे फेडले. गावास विसरण्याचा ठोकताळा येथे पार खोटा ठरला.

परंतु चरित्र लिहिताना नायकास देव करणे हाही एक ठोकताळाच होय. हुशार विद्यार्थी म्हणजे सर्व बाबतींत शहाणा, असा एक उलटा समज आपल्याकडे आहे. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ जोरात असता पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर हे तेव्हा फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. प्रिन्सिपॉल परांजप्यांनी त्यांस १० रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून टाकले. केसरीने या कृत्यावर कडक टीका केली आणि पुष्कळ लोकांची मने परांजप्यांविषयी दुखावली. परांजपे राजकारणात नेमस्त होते, व कॉलेज सरकारी रोषापासून वाचविणे हे आपले कर्तव्य आहे असे मानणाऱ्यांपैकी होते. त्यांचे चुकले असे मानणारे तेव्हाही होते व आजही आहेत. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे, की गणिताच्या परीक्षेतील पहिला क्रमांक म्हणजे आयुष्यातील प्रत्येक प्रश्नाचे बिनचूक उत्तर नव्हे. गणितातही त्यांनी स्वतःचे असे मोठे संशोधन मागे ठेविले नाही. त्यांचे आयुष्य शिकविण्यात व संस्था चालविण्यात गेले. हे न्यून म्हणावे की दान म्हणावे, याचा विचार वाचकांनीच करावा.

संस्थांच्या कामाचा त्यांचा पसारा पाहिला म्हणजे व्यवहारशून्य विद्वानाचा समजही टिकत नाही. कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू परांजपे झाले. लहानपणी ज्यांच्या आश्रयास राहून शिकले त्यांच्या कार्यास त्यांनी असा हात दिला. १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते, आणि १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतील होय. पुढे लंडन येथील इंडिया कौन्सिलचे सभासद, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर, आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, अशी कामे त्यांनी केली. धर्माच्या बाबतीत ते उघड उघड बुद्धिवादी होते. त्यांची मते पुष्कळांस पटली नाहीत. परंतु लोकांस बरे वाटावे म्हणून मनात एक व ओठांवर एक असे त्यांनी केले नाही.

त्यांच्या घरात आणखी एक ठोकताळा मोडला गेला, तो मुलींविषयीचा. गणित हा मुलींचा विषय नव्हे, असे पुष्कळ आईबाप अजूनही मानतात. केंब्रिजमध्ये फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने १८९० मध्येच सीनिअर रँग्लरपेक्षा अधिक गुण मिळविले होते. परंतु मुलींस त्या क्रमात बसवीत नसत, म्हणून तिचे स्थान पहिल्याच्या वर असे जाहीर करावे लागले! तेथील पूर्ण पदवी स्त्रियांस १९४८ पर्यंत मिळाली नाही. परांजप्यांची कन्या शकुंतला याही त्याच केंब्रिजमध्ये, न्यूनहॅम कॉलेजात राहून, गणिताची ट्रायपॉस देऊन १९२९ मध्ये उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर त्यांनी काय करावे? १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या कुंकू या बोलपटात भूमिका केली. संततिनियमनाच्या प्रचारासाठी, लोकांचे टोमणे सोसून, वर्षानुवर्षे श्रम केले. आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. त्यांची कन्या सई परांजपे या चित्रपट दिग्दर्शिका म्हणून नावारूपास आल्या. गणिताच्या घरात नाटक व चित्रपट फुलले, हे कोणत्या ठोकताळ्यात बसते?

परांजपे ६ मे १९६६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या साऱ्या आयुष्याकडे पाहून आम्हांस एक गोष्ट खटकते. केंब्रिजचा निकाल लागला तेव्हा ते २३ वर्षांचे होते. त्यानंतर ते जवळजवळ ६७ वर्षे जगले. हजारो विद्यार्थी शिकविले, विद्यापीठे चालविली, कायदा केला, टीका सोसली, चुकाही केल्या. तरीही लोकांनी त्यांच्या नावामागे रँग्लर हा एकच शब्द लावला आणि जणू त्या एका दिवसातच त्यांचे सारे आयुष्य बसविले. निंदेचा ठोकताळा जसा माणसास झाकतो, तसा स्तुतीचाही झाकतो. किंबहुना स्तुतीचा अधिक झाकतो. कारण तो मोडावा असे कोणासच वाटत नाही.

परांजप्यांची वाट पुढे अनेक मराठी तरुणांनी चोखाळली. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर व त्यांचे पुत्र जयंत नारळीकर हे दोघेही केंब्रिजचे रँग्लर झाले. २०२५ मध्ये दिवंगत झालेले जयंतराव हे विश्वरचनेचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ तर होतेच. परंतु मुलांनी विज्ञान हसतखेळत वाचावे म्हणून त्यांनी मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या. पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी हसत नाही, हा समज त्यांच्या वाचकांनी तरी सोडून दिला असेल.

आता आमच्या वाचकांसाठी दोन शब्द. नागपूर-अमरावती रस्त्यावरील आमच्या या गावातून दरवर्षी कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी ट्रंक व वळकटी घेऊन, एखाद्या कठीण म्हणून गाजलेल्या कॉलेजात जाण्यासाठी मोटारीत चढते. निरोप देण्यास आलेल्यांपैकी कोणी म्हणतो, आता हा आपल्यास ओळखणार नाही. कोणी म्हणतो, खेड्यातल्या मुलाचा तेथे काय टिकाव लागणार. कोणी म्हणतो, पहिला नंबर घेऊनच ये. हे तिन्ही बोल त्या मुलाच्या वळकटीत दगडासारखे जाऊन बसतात. तेथे पोहोचल्यावर प्रथम परीक्षेत गुण कमी पडले म्हणजे या दगडांचे ओझे किती होते, हे त्याचे त्यासच ठाऊक; आणि ते घरी लिहून कळविण्याची त्यास लाज वाटते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे, की मुलास निरोप देताना कर्व्यांची आठवण ठेवावी. त्यांनी रघुनाथास घरात जागा दिली, शिकविले, आणि मार्ग दाखविला. मूल परत येईल तेव्हा त्याचा क्रमांक विचारण्याआधी ते जेवते काय, खेळते काय, त्याचे मित्र कोण, हे विचारावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याविषयी कोणी वाईट ठोकताळा बांधला तर त्याने खचू नका. चांगला बांधला तर त्याने फुगू नका. मुर्डीच्या मुलास केंब्रिजपर्यंत नेणाऱ्या वाटेवर नशीब थोडे, कष्ट पुष्कळ, आणि दुसऱ्याने दिलेला हात त्याहूनही मोठा होता. तो हात तुम्हांसही कोणीतरी दिला आहे. शिकून मोठे झाल्यावर तुमच्यामागून येणाऱ्या एखाद्या लहानखुऱ्या मुलास तुम्ही तो दिलात, तर यादीत तुमचे नाव पहिले होते की शेवटचे, हे विचारण्याची कोणास गरज पडणार नाही.